परदेशातील स्थळ आणि एका लहान काउंटीतील वॉरंट

वाचकाचे पत्र

माझी मुलगी पुण्यात नोकरी करते. तिच्यासाठी अमेरिकेतील टेक्सास राज्यात, ऑस्टिन शहरात नोकरी करणाऱ्या मुलाचे स्थळ आले आहे. मुलगा सहा वर्षांपासून तिकडे आहे. घराणे चांगले आहे, पत्रिका जुळते आणि दोघांचे फोनवर बोलणेही सुरू झाले आहे. परंतु न्यू जर्सीत राहणाऱ्या आमच्या एका नातेवाइकाने कुठल्याशा सशुल्क संकेतस्थळावर मुलाचे नाव शोधले, तेव्हा त्या नावापुढे पश्चिम टेक्सासमधील एका लहान काउंटीचे (म्हणजे तिथल्या जिल्ह्यासारख्या विभागाचे) नाव आणि "वॉरंट असण्याची शक्यता" असा शेरा दिसला. पूर्ण अहवालासाठी ते संकेतस्थळ पैसे मागते. त्या काउंटीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर नाव शोधण्याची सोयच नाही. हा स्क्रीनशॉट आता आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर फिरतो आहे आणि प्रत्येक जण वेगळे बोलतो आहे. मुलाला न दुखावता खरे-खोटे कसे करावे, की स्थळ नाकारूनच मोकळे व्हावे?

— एक आई, कराड

उत्तर

तुमची काळजी अनाठायी नाही. मुलगी इतक्या लांब द्यायची आणि तिथे हाकेच्या अंतरावर आपले माणूस नाही, अशा वेळी आईने चौकशी करू नये असे कोणी म्हणत असेल, तर ते मला मान्य नाही. मात्र सध्या ही चौकशी चुकीच्या दाराशी चालली आहे. त्या संकेतस्थळाला पैसे देऊ नका आणि त्या स्क्रीनशॉटच्या आधारावर स्थळ नाकारूही नका. अशा नोंदीचा उलगडा ज्या न्यायालयाने वॉरंट काढले असेल त्याच्या लिपिकाकडेच होतो, आणि तिथपर्यंत पोहोचण्याची सर्वांत खात्रीची वाट त्या मुलाशी उघडपणे बोलण्यातूनच जाते.

आधी त्या स्क्रीनशॉटविषयी. नाव टाकले की लाल पट्टी सरकू लागते, "गुन्हेगारी नोंदी तपासत आहोत" असे शब्द चमकतात आणि शेवटी पैसे भरण्याचे बटण येते, अशी रचना असलेल्या या व्यवसायाविषयी अमेरिकेतील सरकारी यंत्रणेनेच कठोर भूमिका घेतलेली आहे. २०२३ मध्ये तेथील फेडरल ट्रेड कमिशनने ट्रुथफाइंडर आणि इन्स्टंट चेकमेट या दोन संकेतस्थळांच्या चालकांवर कारवाई केली. एखाद्या व्यक्तीला केवळ वाहतुकीचे तिकीट, म्हणजे नियमभंगाची नोटीस, मिळालेले असतानाही तिच्यावर अटकेची किंवा गुन्ह्याची नोंद असल्याचे ग्राहकाला भासवून सदस्यत्व विकले गेले, असा आयोगाचा आरोप होता, आणि ते प्रकरण ५८ लाख डॉलरच्या दंडावर मिटले. तुमच्या नातेवाइकांनी वापरलेले संकेतस्थळ कोणते ते तुम्ही लिहिलेले नाही. तरीही "शक्यता" या शब्दाला पुराव्याची किंमत नाही, हे सर्वच अशा संकेतस्थळांना लागू आहे. हवे असल्यास त्यांना स्वतःचे नाव त्याच खिडकीत टाकून पाहायला सांगा. काय दिसते ते पाहिल्यावर त्यांचाही आवाज थोडा खाली येईल असे मला वाटते.

आता मूळ प्रश्न, म्हणजे अशा काउंटीत वॉरंटची नोंद सापडते कुठे. आपल्याकडे ई-कोर्ट्स सेवेमुळे जिल्हा आणि तालुका न्यायालयांतील खटले एकाच ठिकाणी शोधण्याची सवय लागली आहे, म्हणून टेक्सासमध्येही असे काही असणारच, असे आपण गृहीत धरतो. तसे ते नाही. मेरीलँड किंवा विस्कॉन्सिनसारख्या राज्यांत न्यायालयीन खटल्यांचा राज्यव्यापी शोध लोकांना खुला आहे. टेक्सासमध्ये मात्र २५४ काउंट्या आहेत आणि सर्वांची वॉरंट एकत्र दाखवणारी, जनतेसाठी खुली अशी यादी नाही. पोलिसांची स्वतःची राज्यस्तरीय आणि राष्ट्रीय माहितीप्रणाली आहे, परंतु ती पोलिसांपुरतीच आहे. कोणी खासगी माणूस "मी त्या प्रणालीत पाहून सांगतो" म्हणून पैसे मागू लागला, तर तो एक तर खोटे बोलतो आहे किंवा बेकायदा काही करतो आहे.

नोंद कोणाकडे असेल हे गुन्ह्याच्या स्वरूपावर ठरते आणि तुमच्या दृष्टीने हाच सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. वेगमर्यादा ओलांडणे, विमा नसताना गाडी चालवणे अशी केवळ दंडाची प्रकरणे, ज्यांना तिथे "क्लास सी" म्हणतात आणि ज्यांत कैद नसते, ती "जस्टिस ऑफ द पीस" नावाच्या निवडून आलेल्या स्थानिक न्यायाधीशाकडे चालतात. शहराला स्वतःचे नगर न्यायालय असेल तर शहराच्या हद्दीतील प्रकरणे तिकडे जातात. दारू पिऊन गाडी चालवण्याचा पहिला गुन्हा किंवा घरातील व्यक्तीला मारहाण यांसारखी, कैद होऊ शकेल अशी प्रकरणे काउंटी न्यायालयात जातात आणि त्यांची कागदपत्रे काउंटी क्लर्ककडे असतात. त्याहून गंभीर गुन्हे जिल्हा न्यायालयात चालतात आणि त्यांच्या नोंदी डिस्ट्रिक्ट क्लर्ककडे. आठ हजारांहून कमी लोकसंख्येच्या काउंटीत ही दोन्ही लिपिकपदे एकाच व्यक्तीकडे असू शकतात. त्यामुळे फार लहान काउंटीत खटल्याची फाइल, जमिनीचे दस्त आणि विवाहाचे परवाने पुष्कळदा एकाच खोलीत ठेवलेले असतात. पश्चिम टेक्सासमधील लव्हिंग काउंटीची २०२० च्या जनगणनेतील लोकसंख्या अवघी ६४ होती. एवढ्या आकाराच्या प्रशासनाकडून अद्ययावत ऑनलाइन शोधाची अपेक्षा करता येत नाही. म्हणून "ऑनलाइन काही सापडले नाही" याचा अर्थ तिथे वॉरंट नाही असा होत नाही, आणि दुसऱ्या कुणाच्या पडद्यावर काही दिसले म्हणून ते आहे असाही होत नाही.

हे सातबाऱ्यासारखे समजा. मालक पुण्यात राहतो म्हणून त्याच्या शेताची नोंद पुण्यात होत नाही, ती जमीन ज्या गावची त्या गावच्या दप्तरात असते. मुलगा ऑस्टिनमध्ये राहत असला तरी वाटेतल्या एखाद्या काउंटीत घडलेल्या गोष्टीची नोंद त्या काउंटीतच राहते.

आणि तुम्ही दिलेल्या काउंटीचे नाव पाहता (ते मी येथे मुद्दाम छापत नाही) मला एक साधी शक्यता प्रथम दिसते. तिथून आंतरराज्य महामार्ग १० जातो. ऑस्टिनचे आपले तरुण सलग सुट्ट्या मिळाल्या की बिग बेंड राष्ट्रीय उद्यानाकडे किंवा एल पासोमार्गे पुढे न्यू मेक्सिकोकडे जातात, तेव्हा याच भागातून शेकडो मैल मोकळा रस्ता लागतो. काही पट्ट्यांत वेगमर्यादाच ताशी ८० मैल, म्हणजे सुमारे १२९ किलोमीटर आहे, आणि तीही सहज ओलांडली जाते. पोलीस अधिकारी गाडी थांबवतो आणि तिकीट देतो. त्यावर चालकाने केलेली सही ही गुन्ह्याची कबुली नसून ठरलेल्या तारखेपर्यंत त्या न्यायालयापुढे हजर होण्याचे आश्वासन असते. पुष्कळ जणांना हे कळतच नाही. शिवाय नव्याने गेलेली मुले दरवर्षी घर बदलतात, परवान्यावरचा पत्ता जुनाच राहतो आणि न्यायालयाची पत्रे त्या जुन्या घरी जाऊन पडतात. उत्तर न आल्यावर न्यायालय वॉरंट काढू शकते. हजर न राहिल्याबद्दल निघते ते एक, आणि ठरलेला दंड न भरल्याबद्दल निघते ते दुसरे, ज्याला तिथे "कॅपियास प्रो फाइन" म्हणतात. दोन्ही वॉरंटच, दोन्हींवर अटक होऊ शकते, पण मुळाशी दोनशे-तीनशे डॉलरचा दंड असू शकतो. आपल्याकडे "वॉरंट निघाले" म्हटले की अजामीनपात्र वॉरंट आणि दारात पोलीस डोळ्यांपुढे येतात. इथे तसे चित्र रंगवण्याची घाई करू नये.

अर्थात क्षुल्लक म्हणून ते सोडून देण्यासारखेही नाही. असे वॉरंट काही वर्षांनी आपोआप विरून जात नाही. पुढे कधी साध्या कारणासाठी गाडी थांबवली गेली तर ते समोर येते आणि माणूस रात्रभर कोठडीत राहू शकतो. व्हिसावर राहणाऱ्यासाठी अटकेची नोंद ही वेगळीच डोकेदुखी आहे. व्हिसाच्या अर्जात कधीही अटक झाली होती का, असा थेट प्रश्न असतो आणि त्याचे खरे उत्तर द्यावे लागते. २०२५ च्या वसंत ऋतूत अनेक परदेशी विद्यार्थ्यांच्या तिथल्या वास्तव्याच्या सरकारी नोंदी पोलिसांच्या माहितीप्रणालीतील किरकोळ जुळणीवरून अचानक रद्द झाल्या होत्या आणि न्यायालयीन लढाईनंतर त्या पूर्ववत होऊ लागल्या. त्या मुलाच्या हितासाठीसुद्धा ही गोष्ट त्याला लवकर कळणे आवश्यक आहे. टेक्सासच्या कायद्यात त्याच्या बाजूची एक मोठी तरतूद आहे. २०१७ मध्ये केलेल्या सुधारणांनुसार, पहिल्या तारखेला हजर न राहिल्याबद्दल अशा न्यायालयाने वॉरंट काढण्यापूर्वी फोनने किंवा टपालाने नवी तारीख कळवली पाहिजे. आणि अंमलबजावणी होण्याआधी माणूस स्वतःहून हजर झाला व प्रकरण मिटवण्याचा प्रामाणिक प्रयत्न त्याने केला, तर हजर न राहिल्याबद्दलचे वॉरंट न्यायालयाने मागे घेतलेच पाहिजे. स्वतः पुढे जाणाऱ्याला कायदा सवलत देतो आणि लपून राहणाऱ्याला देत नाही, हे त्याला सांगण्यासारखे आहे.

वॉरंट ही सार्वजनिक नोंद आहे ना, मग मलाच का पाहता येऊ नये, असा प्रश्न तुमच्या मनात येईल. टेक्सासच्या फौजदारी प्रक्रिया संहितेत अटकेचे वॉरंट आणि त्यामागचे शपथपत्र सार्वजनिक माहिती मानले आहे, पण ते लोकांना पाहण्यासाठी उपलब्ध करून देण्याचे बंधन अंमलबजावणी झाल्यापासून, म्हणजे अटक झाल्यानंतर, सुरू होते. अंमलबजावणी न झालेल्या वॉरंटविषयी लिपिक किंवा शेरीफचे, म्हणजे काउंटीच्या पोलीसप्रमुखाचे, कार्यालय फोनवर त्रयस्थाला सांगेलच असे नाही, आणि त्यामागे कारणही आहे: संशयिताला आधीच सूचना मिळू नये. शेरीफच्या कार्यालयाकडे राज्याच्या सार्वजनिक माहिती कायद्याखाली लेखी अर्ज करता येतो. त्यासाठी अमेरिकेचे नागरिक असावे लागत नाही, आणि कार्यालयाने शक्य तितक्या लवकर माहिती द्यायची असते. दहा कामकाजाच्या दिवसांत देता येत नसेल तर तसे कळवायचे असते. पण चालू तपासाशी संबंधित माहिती रोखण्याची मुभा त्यांना आहे, आणि न्यायालयांना हा कायदा लागूच होत नाही. याउलट खटला दाखल झालेला आहे का, त्याचा क्रमांक काय, तो निकाली निघाला की प्रलंबित आहे, एवढे लिपिकाकडून त्रयस्थालाही सहसा कळू शकते. तुमच्या कामाची माहिती तीच आहे.

ती विचारताना नावाचा घोळ होऊ देऊ नका. मुलाचे आडनाव महाराष्ट्रात गावोगाव सापडणारे आहे आणि त्याच पहिल्या नावाचे किती तरी तरुण अमेरिकेत असतील. आपल्या पासपोर्टवर वडिलांचे नाव पुष्कळदा पहिल्या नावाच्याच रकान्यात जोडून येते, त्यामुळे तिथल्या दप्तरात ते दोन शब्दांचे पहिले नाव म्हणून, मधले नाव म्हणून किंवा नुसते आद्याक्षर म्हणून नोंदलेले असू शकते. आडनावाच्या स्पेलिंगमध्ये एखादे अक्षर इकडेतिकडे झाले तरी नोंद निसटते. म्हणून जन्मतारीख जुळल्याशिवाय कोणतीही नोंद त्याची मानू नका. तिकडे महिना आधी आणि दिवस नंतर लिहितात हेही ध्यानात असू द्या, कारण ४ जुलै आणि ७ एप्रिल यांची अदलाबदल होऊन दुसऱ्याच माणसाची नोंद आपल्या माणसाच्या माथी बसू शकते.

फोन करायचाच असेल तर लिपिकांची कार्यालये साधारणपणे सकाळी आठला उघडतात. त्या वेळी आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा आणि हिवाळ्यात साडेसात वाजलेले असतात. दुपारच्या जेवणाच्या वेळी लहान कार्यालय बंदही असते. आधी जस्टिस ऑफ द पीसच्या कार्यालयात, मग काउंटी आणि जिल्हा लिपिकाकडे, शांतपणे एवढेच विचारा: या नावाची आणि या जन्मतारखेची व्यक्ती प्रतिवादी असलेले एखादे प्रकरण तुमच्याकडे आहे का, असल्यास क्रमांक काय आणि स्थिती काय. वॉरंटविषयी उत्तर मिळाले नाही तर वाद घालू नका. मुलाची बहीण किंवा वकील असल्याचे सांगून बोलणे तर अजिबात करू नये. आणि उलट दिशेने कोणी तुम्हाला फोन करून "वॉरंट रद्द करायला आत्ता पैसे पाठवा" म्हणाले, विशेषतः गिफ्ट कार्डांच्या रूपाने, तर तो भामटा आहे असेच समजा. न्यायालये असे पैसे मागत नाहीत.

तुम्ही विचारलेले नाही, पण आई म्हणून तुम्हाला उपयोगी पडेल असे एक सांगतो. ज्या काउंटीत तो महामार्गावरून फक्त गेला असेल तिच्यापेक्षा ज्या काउंटीत तो सहा वर्षे राहतो आहे तिथल्या नोंदी अधिक बोलक्या असतात. ऑस्टिनचा बहुतांश भाग ट्रॅव्हिस काउंटीत आणि काही भाग विल्यमसन काउंटीत येतो. या मोठ्या काउंट्या आहेत आणि तिथे नोंदी शोधणे तुलनेने सोपे आहे. मारहाण, दारू पिऊन गाडी चालवणे, आधी झालेला एखादा विवाह आणि घटस्फोट, या गोष्टी नोंदल्या गेल्या असतील तर त्या तिथे असण्याचा संभव जास्त. राज्याच्या सार्वजनिक सुरक्षा विभागाकडे दोषसिद्धीचा सशुल्क अधिकृत शोधही आहे. त्यात वॉरंट दिसत नाहीत आणि किरकोळ दंडाची प्रकरणेही साधारणपणे नसतात, परंतु तुमच्या खऱ्या भीतीचे उत्तर देण्यासाठी तो त्या संकेतस्थळापेक्षा कितीतरी विश्वासार्ह आहे.

व्हॉट्सॲप गटाचे काम मात्र आजच करा. खात्री न करता एखाद्या तरुणाला वॉरंट असलेला म्हणून पन्नास नातेवाइकांत फिरवणे हा त्याच्यावर अन्याय आहे, आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली बदनामीची तक्रार होऊ शकेल असेही ते कृत्य आहे. स्क्रीनशॉट काढून टाकायला सांगा, आणि "ही माहिती पडताळलेली नाही, कृपया पुढे पाठवू नये" असे तुमच्याच नावाने लिहा. मुलाच्या आईवडिलांच्या कानावर ही गोष्ट तिसऱ्याकडून गेली, तर नंतर नोंद खोटी ठरली तरी दोन घरांतली कटुता जाणार नाही.

राहिला मुलाला विचारण्याचा प्रश्न. माझे स्पष्ट मत आहे की हा प्रश्न तुम्ही किंवा मध्यस्थाने न विचारता तुमच्या मुलीने विचारावा, कारण संसार त्या दोघांना करायचा आहे आणि अवघड विषय तो कसा हाताळतो हे तिलाच पाहायला मिळाले पाहिजे. तिने आरोपाच्या सुरात बोलू नये, पण आडपडदाही ठेवू नये: "तुझ्या नावाने या काउंटीत काही नोंद असल्याचे आमच्या नातेवाइकांना दिसले. ती तुझी आहे का? असेल तर तिचे काय झाले?" नोंद त्याची नसेल तर लिपिकाकडून तसे लेखी मागून घेणे त्याला अवघड नाही आणि त्यालाही ते पुढे उपयोगी पडेल. नोंद असेल आणि ती विसरलेल्या तिकिटाची असेल, तर त्याने त्या न्यायालयाशी संपर्क साधून वॉरंट मागे घ्यायला लावावे, दंडाचा निकाल लावावा आणि प्रकरण बंद झाल्याचा न्यायालयाचा कागद जपून ठेवावा. प्रकरण दंडापेक्षा मोठे असेल तर मात्र त्याने एकट्याने फोन किंवा फेऱ्या न करता आधी तिथल्या फौजदारी वकिलाला आणि व्हिसासाठी इमिग्रेशन वकिलाला गाठावे. दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल नुसती अटक झाली, दोषसिद्धी झाली नाही, तरीही व्हिसा रद्द केला जाऊ शकतो.

तिकीट निघाले म्हणून स्थळ मोडू नये असे मला वाटते, आणि त्याने ओशाळून का होईना सरळ सांगितले तर ती जमेची बाजू धरावी. घरातील व्यक्तीला मारहाण केल्याचे प्रकरण निघाले, तर "तिकडे असे होतच असते" हे कोणाचेही समजावणे ऐकू नये. फाइल वाचल्याशिवाय बोलणी एक पाऊलही पुढे नेऊ नयेत. आणि प्रकरणाचा क्रमांक देण्यास त्याने पुन्हा पुन्हा टाळाटाळ केली, तर मूळ नोंद कितीही लहान असली तरी बोलणी तिथेच थांबवावीत.